सोलापूरच्या तळ्यांवर ऑलिंपस ८×४० : खंड्या बघणाऱ्यांसाठी दुर्बिणीचं परीक्षण

सोलापुरात पाणपक्षी बघायला सुरुवात करणाऱ्याला एकच दुर्बीण सुचवायची झाली, तर ऑलिंपसची ८×४० डीपीएस-आय सुचवावी. तिच्यात उणिवा आहेत. त्यातल्या दोन तर अशा आहेत की काही जणांनी ती घेऊच नये. पण कंबर तलावाच्या काठावर उभं राहून कवड्या धीवर, म्हणजे काळा-पांढरा खंड्या बघायचा असेल, तर या किमतीच्या वर्गात तिच्यापेक्षा सोयीची दुर्बीण नाही.

आधी आकड्यांचा अर्थ. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४० म्हणजे समोरच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. ४० ला ८ ने भागलं की ५ येतात. डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ५ मिलिमीटर जाडीचा असतो, असा त्याचा अर्थ. पहाटे उजाडताना डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तिला एवढा झोत लागतोच. खिशात मावणाऱ्या ८×२१ दुर्बिणीचा झोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा, त्यामुळे सकाळी साडेसहाला पाणकणसात बसलेली ढोकरी (छोटा बगळा) तीत नुसता मातकट ठिपका दिसते.

या दुर्बिणीचं खरं बळ मात्र तिच्या रुंद दृश्यक्षेत्रात आहे. ते ८.२ अंश भरतं. शंभर मीटरवर सव्वाचौदा मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत बसतो. याच मालिकेतल्या १०×५० ला ६.५ अंश मिळतात, म्हणजे शंभर मीटरवर साडेअकरा मीटरसुद्धा भरत नाहीत. क्षेत्रफळाने पाहिलं तर ८×४० मध्ये दीडपटीहून जास्त तळं दिसतं. दुकानात गेल्यावर ‘दहापट घ्या, जास्त मोठं दिसतं’ हा सल्ला हमखास मिळतो. चंद्र बघायला तो ठीक आहे, खंड्यासाठी नाही. दहापट दुर्बिणीत हाताची थरथरही दहापट होते, त्यात ती ८५५ ग्रॅमची. ८×४० चं वजन ७१० ग्रॅम आहे, तेही काही हलकं नव्हे.

रुंद क्षेत्र का लागतं, हे कवड्या धीवराकडे बघून कळतं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा हा पक्षी पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली रोखतो, मग एकदम सूर मारतो. मासा चुकला तर वर येऊन दहा-पंधरा मीटर पलीकडे पुन्हा तरंगतो. अरुंद क्षेत्राच्या दुर्बिणीत तो पहिल्याच सुरात हरवतो आणि पुढचा सगळा वेळ त्याला शोधण्यात जातो. ८×४० मध्ये तो वर येताना कडेला दिसतो आणि मान जराशी वळवली की पुन्हा मधोमध येतो. नर-मादीही लगेच ओळखता येतात. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात. मादीच्या छातीवर एकच, तोही मध्ये तुटलेला.

छोट्या खंड्याची तऱ्हा वेगळी. हा जेमतेम १६ सेंटीमीटरचा, चिमणीपेक्षा थोडाच मोठा. २५ मीटरवर बसलेला असेल तर या दुर्बिणीतून तो तीन मीटरवर असल्यासारखा दिसतो. त्याच्या मागे दुर्बीण फिरवायची नाही, त्याच्या बैठकीवर रोखून ठेवायची. पाण्यावर आडवी आलेली बाभळीची फांदी, गळ टाकणाऱ्यांनी रोवलेली काठी किंवा घाटाचा कडेचा दगड शोधा. त्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ असतील तर ती रोजची बैठक. दुर्बीण तिथे फोकस करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. आधी बारीक, टोकदार ‘ची’ ऐकू येते, मग पाण्याला लागून निळी रेघ येते आणि पक्षी बैठकीवर टेकतो. डोकं दोन-तीनदा वरखाली करतो, कारण त्याला पाण्यातल्या माशाचं अंतर मोजायचं असतं. मग सूर. मासा घेऊन बहुतेक वेळा त्याच जागी परततो, फांदीवर आपटून मासा गार करतो आणि डोक्याच्या बाजूने गिळतो. चोचीचा खालचा भाग नारिंगी-लाल असेल तर मादी, पूर्ण काळा असेल तर नर. साध्या डोळ्यांना एवढं दिसत नाही. या दुर्बिणीत पंचवीस-तीस मीटरपर्यंत अगदी स्पष्ट दिसतं.

दुर्बिणीची ठेवण जुन्या पोरो प्रिझमची आहे, म्हणजे खांदे रुंद आणि समोरची भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर. त्यामुळे खोली चांगली कळते. पाणकणसातला पक्षी पुढच्या पात्यांत आहे की मागच्या, हे चटकन समजतं. जलपर्णीवर कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी शोधताना याचा फायदा पहिल्या पाच मिनिटांतच जाणवेल. सरळ नळीच्या रूफ प्रिझम दुर्बिणी दिसायला नेटक्या असतात, पण हीच स्पष्टता त्या ठेवणीत हवी असेल तर जास्त पैसे मोजावे लागतात.

आता सोलापुरात ती कुठे कशी चालते ते बघू.

विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, म्हणजेच धर्मवीर संभाजी तलाव, तिच्यासाठी सर्वांत योग्य. इथे काठापासून पक्षी वीस ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात असतात आणि आठपट मोठेपणाला हेच अंतर मानवतं. टिबुकली, वारकरी, हळदीकुंकू बदक, पाणकावळे, शेकाट्या हे सगळे पक्षी त्रास न देता ओळखता येतात. पांढऱ्या छातीचा खंड्या बघायला तर पाण्याचीही गरज नाही. तो टोळ, सरडे, बेडूक असं सगळं खातो, म्हणून नाल्याकाठच्या विजेच्या तारेवर किंवा बागेतल्या झाडावरही बसलेला सापडतो.

सिद्धेश्वर तलावावर प्रकाशाची बाजू सांभाळावी लागते. भुईकोट किल्ला तळ्याच्या पश्चिमेला असल्याने त्या बाजूने सकाळी बघाल तर सूर्य थेट समोर येतो. खंड्याचा निळा रंग हा काही रंगद्रव्य नव्हे. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून निळं दिसतं, आणि विरुद्ध उजेडात तोच पक्षी काळपट दिसतो. अशा वेळी दोष दुर्बिणीला देऊ नये. किल्ल्याच्या बाजूने संध्याकाळी जावं, सकाळी समोरच्या काठावर. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, त्या दिवसांत इथे निवांत पक्षी बघण्याची अपेक्षा ठेवू नये.

हिप्परगा तलावावर ही दुर्बीण तोकडी पडते, हे स्पष्टच सांगायला हवं. १८७१ मध्ये पूर्ण झालेला हा एकरुख तलाव फार मोठा आहे आणि हिवाळी बदकं काठापासून खूप लांब, पाण्याच्या मध्यावर बसतात. चारशे मीटरवरचं बदक आठपट दुर्बिणीतून पन्नास मीटरवर असल्यासारखं दिसतं. तांबूस चक्रवाक ओळखू येतो, पण थापट्याची पसरट चोच कळेलच असं नाही. तिथे तिवईवरची स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण हवी, वीसपट किंवा त्याहून जास्त. १०×५० घेऊनही हा प्रश्न सुटत नाही.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार करायला हवा. मार्चनंतर सकाळी नऊ-साडेनऊ झाले की तापलेल्या जमिनीवरून हवा लहरायला लागते आणि लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा हलतो. कितीही महागडी दुर्बीण घेतली तरी हे टळत नाही. उन्हाळ्यात साडेसहा ते नऊ हीच वेळ.

नवी दुर्बीण हातात आली की पहिली दहा मिनिटं ती डोळ्यांना लावून घ्यायला द्या. आधी दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ होऊ द्या. मग उजवं भिंग झाकून, डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर एखादी लांबची, रेखीव वस्तू फोकस करा. देवळाचा कळस उत्तम. आता डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तोच कळस रेखीव करा. त्या जागी पेनाची बारीक खूण करा. ही कडी लावलेली नसेल तर अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं आणि लोक दुर्बीण खराब निघाली म्हणून ती परत करतात.

आता उणिवा. पहिली चष्मेवाल्यांसाठी. डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर इथे फक्त १२ मिलिमीटर आहे. चष्मा लावून बघितलं की कडा कापल्या जातात आणि ज्या रुंद क्षेत्रासाठी ही दुर्बीण घेतली तेच हातचं जातं. फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकसच्या चाकावर तो भरून निघतो. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर ही घेऊ नका. निकॉनची प्रोस्टाफ पी३ ८×४२ बघा. तिच्यात हे अंतर २० मिलिमीटरच्या आसपास आहे, वजन ६०० ग्रॅमच्या आत आणि क्षेत्र ७.२ अंश. क्षेत्रात थोडं गमावता, पण चष्म्यासकट सगळं दिसतं.

दुसरी उणीव पाण्याची. ही दुर्बीण पाणीरोधक नाही. पावसाची सर अंगावर घेतली तर ओल आत शिरते, भिंगांवर आतून वाफ धरते आणि पुढे बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. पावसाळ्यात फिरणं जास्त असेल तर वरची निकॉनच बरी, ती पाणीरोधक आहे. ऑलिंपस असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते पुडीतून काढून मंद आचेवर, स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या कढईत, निळे होईपर्यंत गरम करायचे. उन्हाळ्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर दुर्बीण कधीही ठेवू नका.

तिसरी, तिचा फोकस चार मीटरच्या आत येत नाही. पायाजवळच्या चतुर-फुलपाखरांसाठी ती नाही. पक्ष्यांसाठी मात्र याने काही अडत नाही.

सोबतचा पट्टा अरुंद आहे, दोन तासांत मानेला काचतो. रुंद पट्टा किंवा खांद्यांवरून जाणारा हार्नेस वेगळा घ्यावा. धूळ पुसताना आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश आणि शेवटी मायक्रोफायबरचं कापड. सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी भिंगावर फिरवायचा नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेले धुळीचे कण भिंगावरच्या लेपाला ओरखडे पाडतात.

विकत घेताना झूम दुर्बिणींपासून लांब राहा. ८ ते २४ पट असं लिहिलेलं असतं, पण झूम वाढवला की क्षेत्र नळीएवढं होतं आणि चित्र काळवंडतं. लालभडक चमकणाऱ्या भिंगांच्या दुर्बिणींचंही तेच. तो लेप लाल प्रकाश परतवून लावतो, त्यामुळे छोट्या खंड्याच्या पोटाचा नारिंगी रंगच फिका पडतो.

शक्य असेल तर दुकानाबाहेर, उजेडात येऊन तपासा. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगांत बघा, प्रकाशाची दोन्ही वर्तुळं पूर्ण गोल दिसायला हवीत. मग समोरच्या इमारतीच्या कठड्याची आडवी रेघ दोन्ही डोळ्यांनी बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून मागे न्या. दोन वर्तुळांतल्या रेघा एका पातळीत राहिल्या तर प्रिझम जागेवर आहेत. एक रेघ वर, एक खाली असेल तर तो नग बाजूला ठेवून दुसरा मागा. पोरो दुर्बीण एकदा जोरात पडली की हाच बिघाड होतो, म्हणून जुनी घेताना तर ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.