‘आयटम बॅग्ड’ म्हणजे पाकीट नेमकं कुठे? स्पीड पोस्ट ट्रॅकिंगचा आठ महिन्यांचा अनुभव

मी ऐरोलीत घरीच कुंच्या, झबली, दुपटी शिवते आणि स्पीड पोस्टाने गावोगावी पाठवते. महिन्याला पंधरा-वीस पाकिटं तरी जातात. कुंची बारशाच्या आधी पोचली तरच उपयोग, त्यामुळे ट्रॅकिंगमधली एकेक ओळ मी डोळ्यांत तेल घालून वाचते.

सुरुवातीला जीव टांगणीला लागायचा तो ‘बॅग्ड’ आणि ‘डिस्पॅच्ड’ या दोन शब्दांनी. बार्शीला एक कुंची पाठवली होती. सोमवारी बुक झाली, संध्याकाळी ‘बॅग्ड’, रात्री ‘डिस्पॅच्ड’, मग पुढे काहीच नाही. बुधवारी सकाळी बाळाच्या आजीचा फोन: “अगं, शुक्रवारी बारसं आहे आणि इथं अजून सोमवारचीच तारीख दिसतेय. हरवलं तर नाही ना?” मी तशीच टपाल कार्यालयात गेले. काउंटरवरच्या ताईंनी मागे ठेवलेली एक पिशवी दाखवली. तोंड आवळून सील केलेलं, गळ्यात लेबल, लेबलावर बारकोड. म्हणाल्या, “तुमचं पाकीट अशाच एका पिशवीत आहे. वाटेत स्कॅन होते ती पिशवी. ती उघडली की तुमचा नंबर परत दिसेल.” आणि झालंही तसंच. गुरुवारी सकाळी ‘रिसीव्ह्ड’, थोड्या वेळाने ‘आउट फॉर डिलिव्हरी’, आणि दुपारी आजींनी कुंचीचा फोटो पाठवला. ती पिशवी पाहिल्यापासून ट्रॅकिंग एक-दोन दिवस गप्प राहिलं तरी मी घाबरत नाही.

मधल्या ठिकाणांच्या नावांपुढची अक्षरंही कळायला लागली. एनएसएच म्हणजे नॅशनल सॉर्टिंग हब, आयसीएच म्हणजे इंट्रा सर्कल हब, म्हणजे राज्याच्या सर्कलमधलं वर्गीकरण केंद्र. टीएमओ म्हणजे ट्रान्झिट मेल ऑफिस, जिथून पिशव्या पुढच्या गाडीला लागतात. या नावांवरून दिवस मोजत बसू नये. ज्याला पाकीट मिळायचंय त्याच्या पिनकोडचं कार्यालय ‘रिसीव्ह्ड’समोर दिसलं, की मगच मी ग्राहकाला “आता घरी थांबा” म्हणते.

पिनकोडवरून आठवलं. आमच्या नवी मुंबईत यात हमखास चूक होते. ऐरोली ४००७०८, बेलापूर ४००६१४, पण खारघर ४१०२१०. एका ताईंनी खारघरचा पत्ता देताना सवयीने ४०० लिहिलं. नशीब, बुकिंगआधी माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून पिनकोड फोनवर वाचून दाखवून खात्री करूनच पाकिटावर लिहिते.

ट्रॅकिंगचा नंबर तेरा अक्षरांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. नऊ आकड्यांतला शेवटचा आधीच्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला तरी सहसा ताळा बसत नाही. “तुमचा नंबर खोटा आहे” असं कुणी म्हणालं, की मी आधी तो परत तपासून टाइप करायला सांगते. आणखी एक, १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय. जुन्या ग्राहकांना हे आवर्जून सांगते, कारण “रजिस्टरनेच पाठवा” म्हणणारे अजून भेटतात.

‘डोअर लॉक्ड’ दिसलं तर मात्र वेळ घालवू नका. नोकरीवर जाणारी माणसं दिवसभर घरी नसतात, पाकीट कार्यालयात ठेवून घेतात, पण ते काही कायमचं नसतं. ओळखपत्र आणि नंबर घेऊन स्वतः जाऊन घेतलेलं बरं. आणि ‘डिलिव्हर्ड’ दिसूनही पाकीट हाती नसेल, तर आधी शेजारी आणि सोसायटीच्या वॉचमनकडे विचारा, नाही सापडलं तर त्याच दिवशी तुमच्या टपाल कार्यालयात जा.

आता पाकीट बुक केलं की पावतीच्या फोटोसोबत मी ग्राहकाला मराठीत एवढंच लिहिते: “‘डिस्पॅच्ड’ म्हणजे पिशवी वाटेत आहे. तुमच्या टपाल कार्यालयाचं नाव दिसेपर्यंत धीर धरा.” तेव्हापासून बारशाच्या आदल्या रात्रीचे फोन जवळजवळ थांबलेत.