बास्केटबॉलचा समर कॅम्प, २१ दिवस, साडेचार हजार: सकाळ घ्या, संध्याकाळ सोडा

सोसायटीच्या ग्रुपवर परत ती पोस्टरं फिरायला लागलीत, "लिमिटेड सीट्स, आजच नाव नोंदवा", आणि मला आतापर्यंत चार जणींनी पर्सनलवर विचारलंय की गेल्या मे महिन्यात तुम्ही लेकीला घातलं होतंत ना, कसं आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कॅम्पचं नाव मुद्दाम घेत नाहीये. पुण्यात असे कॅम्प दर उन्हाळ्यात पेठांपासून पिंपरीपर्यंत उगवतात, तुमच्या घराजवळचा कुठला ते तुम्ही बघा, मी जे सांगतेय ते कुठेही विचारून घ्यायला उपयोगी पडेल.

आधी थोडं आमच्याबद्दल. लेक तेव्हा १३ ची, शाळेच्या अंडर फोर्टीन टीममध्ये गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी. मी स्वतः कॉलेजात असताना खेळलेय, तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे बॉल हाती आल्यावर शॉट मारायला मिळणारा वेळ, ३० सेकंदांचं होतं आणि मॅच २०-२० मिनिटांच्या दोन हाफची, २००० नंतर ते २४ सेकंद आणि चार क्वार्टर आले तोवर माझं लग्न झालं आणि खेळ सुटला, पण डोळा गेलेला नाही. शालेय स्पर्धा पावसाळा निम्मा सरला की सुरू होतात, जिल्हा, विभाग, राज्य करत पुढे ओढत जातात, त्यामुळे या पोरांना खरी मोकळीक काय ती एप्रिल ते जून. या तीन महिन्यांत काय करायचं हाच खरा प्रश्न आणि कॅम्पवाल्यांचं उत्तर एकच, आणखी खेळा.

ग्राउंड चांगलं होतं. शाळेचंच, दोन कोर्ट, एकाला नवा रंग मारलेला, दुसरं साधं सिमेंट, बाजूला गुलमोहर, पाण्याचा कूलर चालू. एका रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे बॉल आतून गेला का बाहेरून यावर पोरांची रोज भांडणं, पण ते आमच्या वेळीही होतं. पहिल्या दिवशी उद्घाटन, हार, नारळ, हेड सरांचं अर्धा तास भाषण. त्यात सतनाम सिंगचं नाव आलं, २०१५ ला अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या डॅलस टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतलेला, सात फुटांच्या वरचा माणूस, पाच फुटी पोरी आपल्या जांभया देत बसलेल्या. मग शिरीन लिमयेचं नाव निघालं, आपल्या पुण्याची, भारताची कॅप्टन झालेली, तेव्हा मात्र सगळ्या एकदम ताठ बसल्या. एवढ्या एका वाक्यावर भाषण संपवलं असतं तरी चाललं असतं.

टाइमटेबल असं: सकाळी साडेसहा ते साडेआठ ड्रिल्स, संध्याकाळी पाच ते साडेसहा लीगच्या मॅचेस, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे रोजचे साडेतीन तास, सहा दिवसांचे २१. मी फी भरताना हा हिशोब केला नाही ही माझी चूक. लहान खेळाडूंच्या दुखापती बघणारे डॉक्टर एक सोपा नियम सांगतात, की आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, म्हणजे १३ वर्षांच्या पोरीला १३. इथे २१ आणि वर सायकल चालवत येणं-जाणं.

आता सकाळचं सांगते, कारण चांगलं तिथेच आहे आणि वाईटही थोडं. पोरं साठच्या आसपास, शिकवणारे पाच. लेअपच्या, म्हणजे धावत रिंगपाशी जाऊन एका हाताने बॉल टाकायच्या, एका लाइनीत १४-१५ जण उभे. मी एकदा कठड्यावर चहा घेऊन बसले आणि मोजलं, २० मिनिटांत माझ्या पोरीच्या वाट्याला ११ लेअप आले, सगळे उजव्या हाताने. बाकी वेळ पुढच्याच्या पाठीवर टकटक करणं आणि गप्पा. डाव्या हाताचे लेअप कधी घेणार म्हणून विचारलं तर म्हणाले, ॲडव्हान्स बॅचला घेतो. अहो, मॅचच्या धामधुमीत कोणी डावा हात शिकवत नाही, तिथे ज्या हाताने बास्केट होते तोच हात वापरला जातो, मग हे आत्ता नाही शिकायचं तर कधी?

बॉल. हा माझा सगळ्यात मोठा राग. मुलींचा अधिकृत बॉल ६ नंबरचा, गोलाई साडेअठ्ठावीस इंच, मुलांचा ७ नंबर, साडेएकोणतीस, वजनालाही जड, आणि बारा वर्षांखालच्यांना तर ५ नंबर द्यायचा. कॅम्पच्या जाळीतले एकूण एक बॉल ७ नंबरचे. एक इंचाने काय होतं म्हणाल तर जाऊन बघा, पोरगी बॉल कमरेपाशी नेते, दोन्ही हातांनी बादलीतलं पाणी फेकावं तसा वर ढकलते, कोपर बाहेर, डावा अंगठाही ढकलतोय, आणि बॉल चुकून आत गेला की सगळे टाळ्या वाजवतात. वर हल्ली प्रत्येकाला स्टीफन करी व्हायचंय, तो लांबून शॉट मारणारा अमेरिकन खेळाडू. थ्री पॉइंटची लाइन आमच्या वेळी ६.२५ मीटरवर होती, २०१० पासून ती ६.७५ झालीय, आणि तिथून ही चिमुरडी ७ नंबरचा बॉल भिरकावतायत. ती सवय एकदा हातात बसली की पुढे कोणता कोच ती काढणार हो.

पण याच कॅम्पमध्ये एक ताई होती, कॉलेजात शिकणारी, सरांच्या हाताखाली मदतीला. स्वतःच्या किटमध्ये स्वतःचे दोन ६ नंबरचे बॉल घेऊन यायची. सकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासात सात-आठ मुलींना बाजूला घ्यायची आणि रिंगच्या जवळजवळ खाली उभं करायची. एका हाताने शॉट, दुसरा हात पाठीमागे. बॉल बोटांवर, तळहाताला चिकटलेला नको, कोपर रिंगकडे, सुटल्यावर मनगट खाली वाकलेलं राहिलं पाहिजे, आणि सलग पाच पडल्याशिवाय एक पाऊल मागे जायचं नाही. पोरींना पहिल्या दिवशी बोअर झालं, एवढ्या जवळून काय मारायचं म्हणे, आणि मग कळलं की एवढ्या जवळूनही सलग पाच जात नाहीत!

दुसरं तिने केलं ते उतरण्याचं. पायरीवरून उडी मारायला लावायची, दोन्ही पायांवर, आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करून दाखवायची. माझ्या लेकीचे दोन्ही गुडघे उतरताना आत पडत होते, एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे. मुलींमध्ये गुडघ्याचं लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं आणि त्याला हे असं उतरणं बऱ्यापैकी कारणीभूत असतं. "आवाज नको येऊ देऊस, मांजरीसारखं उतर," हे ती दिवसात पन्नास वेळा म्हणत असेल. साडेचार हजारांतले तीन हजार मी या अर्ध्या तासाचे धरते.

आता संध्याकाळ. लीग. पोस्टरवर मोठ्या अक्षरात हीच असते, आईबापांना बघायला मजा येते, फोटो स्टेटसला जातात. रोज मॅच, सिमेंटवर, मे महिन्यात, पाच वाजता म्हणजे कोर्ट अजून तव्यासारखं तापलेलं. नवव्या दिवशी संध्याकाळी खेळून आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना आडवी होऊन उतरताना दिसली, एकेक पायरी, कठडा धरून. काय झालं विचारलं तर काही नाही आई. गुडघ्याच्या वाटीच्या खाली हात लावला तर किंचाळली, तिथे सुपारीएवढा उंचवटा. फिजिओकडे नेलं, त्यांनी सांगितलं ऑसगुड-श्लॅटर. नाव ऐकून मला विहिरीवरच्या जर्मन पंपाची आठवण झाली, पण वाढत्या वयाच्या, उड्या मारणाऱ्या पोरांत हे नेहमीचं आहे म्हणाले. नडगीच्या हाडाचं वरचं टोक, जिथे वाटीकडून येणारी दोरी चिकटते, ते या वयात अजून कच्चं असतं, आणि प्रत्येक उडीला मांडीचा स्नायू त्याला ओढतो. बहुतेकांचं वाढ थांबली की शांत होतं. तोवर उड्या कमी, दुखणार नाही तेवढाच खेळ, मांडीचे स्ट्रेच, बर्फ.

हेड सरांना सांगायला गेले तर म्हणाले, "मॅडम, थोडं दुखणारच, दुखल्याशिवाय प्लेअर होत नाही." उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील का विचारलं तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. संध्याकाळ बंद करून फक्त सकाळी पाठवते म्हटलं तर तोंड वाकडं करून हो म्हणाले. मग उरलेल्या दिवसांत लेक ताईकडे खुर्चीवर बसून डाव्या हाताने ड्रिबल करायची, उभी राहून जवळून शॉट मारायची, उडी नाही, पळणं नाही. आणि खरं सांगते, शॉट सुधारला तो याच दिवसांत.

कॅम्प संपल्यावर तिला माझ्या भावाकडे गुहागरला पाठवलं, दहा दिवस, बॉल घरी ठेवून. याला तर सरांचा कडक विरोध, लय जाईल, बाकीच्या पुढे जातील वगैरे. विहिरीत पोहली, आंबे खाल्ले, झाडावर चढली, मामाशी भांडली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाच आहे की मुलांना आठवड्यात एक-दोन दिवस खेळापासून सुट्टी हवी आणि वर्षात एकूण दोन-तीन महिने त्या एका खेळापासून लांब ठेवावं, महिना-महिना असे तुकडे करून चालेल. आमच्या आज्यांनी हे मामाच्या गावाला पाठवून केव्हाच केलेलं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी स्वतःहून माळ्यावरून बॉल काढला, मी एक शब्द बोलले नव्हते.

जूनमध्ये मग घरीच, आठवड्यातून तीनदा वॉल सिट (भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं), स्क्वॉट, टाचा उचलणं, प्लँक, आणि गुडघा शांत झाल्यावर हळूहळू दोरी. संध्याकाळी फ्री थ्रो, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून कोणी न अडवता मारायचे शॉट, रोज ५०, आकडा वहीत लिहायचा. पहिल्या दिवशी १९, शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला तेव्हा ३३. कोणाला फोटो टाकण्यासारखं यात काही नाही.

एक राहिलं, पाचव्या दिवशी कुणी एक गृहस्थ प्रोटीन पावडरचे डबे घेऊन टेबल लावून बसले होते, सरांच्या परवानगीने. तेरा वर्षांच्या पोरांना! घरी उसळ, अंडी, दूध, शेंगदाण्याची चिक्की आहे, नऊ तास झोप आहे, सरळ नाही म्हणून सांगा.

तर पाचात तीन स्टार, आणि त्यातले दोन ताईचे. तुमचं मूल पहिल्यांदाच खेळणार असेल तर सकाळची बॅच जरूर घ्या, मैत्रिणी होतात, ग्राउंडची सवय लागते. आधीच टीममध्ये असेल आणि वर्षभर खेळून दमलं असेल तर लीग नको, आणि जायच्या आधी बॉलची जाळी बघून या.

मी परवा फोन केला होता, यंदा ताई आहे का विचारायला. नाही म्हणे, तिची परीक्षा आहे. मग ६ नंबरचे बॉल किती आहेत विचारलं, तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, बॉल म्हणजे बॉल, त्याला काय नंबर."