पेडलचा डबा करायचाय? उद्यमनगरातल्या मामांचं वर्कशॉप एकदा बघाच

बेस गिटारसाठी घरी पेडल, म्हणजे पायानं चालू-बंद करून आवाज बदलायचा छोटा डबा, बनवणारे कोल्हापुरात आता बऱ्यापैकी झालेत आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ती म्हणजे डबा. सर्किट व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांचा भोकाभोकांचा बोर्ड) टेबलावर मस्त वाजतंय पण ते बसवायचं कशात, मग कोणीतरी प्लॅस्टिकचा डबा घेतं आणि ट्यूबलाईटच्या खाली नुसती घुंऽऽ चालू होते, कारण प्लॅस्टिक काय बाहेरचा हम अडवत नाही. अ‍ॅल्युमिनियमचाच डबा पाहिजे आणि तो अर्थला जोडलेला पाहिजे, यात तडजोड नाही.

तर शिवाजी उद्यमनगरात एक छोटं वर्कशॉप आहे, बाहेर बोर्ड वगैरे नाही, एक लेथ, एक पिलर ड्रिल आणि मामा. दिवसभर फाउंड्रीवाल्यांचं जॉबवर्क चालू असतं. मी तिथं माझ्या ओव्हरड्राइव्हचा (आवाज जरा फाडून जाड करणारं पेडल) डबा नेला, डायकास्ट अ‍ॅल्युमिनियमचा १५९०बी साईजचा, म्हणजे साधारण ११२ बाय ६० मिलीमीटर, आणि तेवढ्यात चार पॉट (नॉबखालचे फिरवायचे कंट्रोल), एक एलईडी, फूटस्विच, दोन जॅक आणि डीसी सॉकेट.

चार पॉट का, तर बेसमुळेच. नेटवर मिळणारी बहुतेक सर्किटं गिटारची असतात. ट्यूब स्क्रीमर हे गिटारचं प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह घ्या, त्यात ४.७ के रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरड कपॅसिटर मिळून ७२० हर्ट्झच्या खाली गेन (आवाज वाढवायचं प्रमाण) उतरत जातो, गिटारला ते छानच आहे पण आपली बेसची ई स्ट्रिंग ४१ हर्ट्झवर आहे की! ड्राइव्ह फिरवला की वरचं नुसतं किरकिरतं आणि खालचा दम गायब. तो कपॅसिटर ०.२२ केला की हाच आकडा १५४ च्या आसपास येतो, आवाज लगेच भरतो. पण माझ्या मते नुसतं तेवढ्यावर भागत नाही, मूळ क्लीन सिग्नल वेगळा नेऊन शेवटी मिसळायचा ब्लेंड पॉट टाकाच, ड्रमरबरोबर वाजवताना खालचा बेस जागेवर राहतो तो त्याच्यामुळंच. म्हणून ड्राइव्ह, टोन, लेव्हल आणि ब्लेंड. पार्टसचं म्हणाल तर ४५५८ आयसी, १एन४१४८ डायोड हे गावात कुठल्याही पार्टसच्या काउंटरला सुट्टे मिळतात, होम थिएटरच्या बेस-ट्रेबल बोर्डात तोच ४५५८ असतो ना. नऊ पायांचा फूटस्विच मात्र ऑनलाइनच मागवावा लागतो.

आता कामाबद्दल. मामांनी कागदी टेम्प्लेट डब्यावर चिकटवून घेतला, मग माझ्याकडचा पॉट आणि स्विच मागून घेऊन व्हर्नियर लावला, कागदावर काय लिहिलंय त्यावर अजिबात विसंबले नाहीत. पॉटला ७ मिलीमीटरचं भोक, स्विचला १२ चं. आधी सेंटर पंच, मग बारीक ड्रिल, मग स्टेप ड्रिल, आणि प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला राहिलेली धार, आतनं बाहेरनं काढली. घरच्या हँड ड्रिलनं १२ चं भोक मारताना ड्रिल सरकतं, भोक तिरकं होतं, इथं पॉट बसवल्यावर चारी नॉब एका ओळीत. नट हातानं फिरवला तरी बसत होता. लई भारी काम!

पण मला खरा आवडला तो मामांचा एक प्रश्न. पावडर कोटिंग ते शेजारच्या शेडमधनं करून देतात, त्यासाठी डबा पाठवायच्या आधी विचारलं, "ह्या पावडरीतनं करंट जाणार न्हाई, अर्थिंगला कुठली जागा मोकळी सोडायची?" मी जॅकची जागा दाखवली तर आतल्या बाजूनं तिथं टेप लावून कोटिंगला दिला. पेडल काय असतं हे त्यांना माहीत नव्हतं, पण धातूचा डबा आणि वायर म्हटल्यावर माणसानं नेमकं तेच विचारलं. जॅकचा वायसर उघड्या धातूला टेकला नाही तर अख्खा डबा असून नसल्यासारखा आणि हम परत सुरू, हे पेडल बनवणाऱ्यांनाही कितीदा कळत नाही. ही आपल्या उद्यमनगराची खासियत आहे आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटतो.

पैसे, भोकांचे दोनशेच्या आत, कोटिंगचे वेगळे. कमी नाही जास्त नाही, रास्त.

कमी काय आहे तेही सांगतो. तुमचा डबा हे त्यांच्यासाठी किरकोळ काम, कंपनीचा माल आला की तो मागं पडतो, उद्या म्हणजे उद्याच असं धरून चालू नका आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तर जाऊच नका. रंग निवडायलाही वाव नाही, कोटिंगवाल्याकडं त्या दिवशी जो रंग चालू असेल तोच, माझा मशीनचा हिरवा आलाय, मला आवडला.

जाताना टेम्प्लेट शंभर टक्के साईजलाच प्रिंट करून न्या, फिट टू पेज ठेवलं की सगळी मापं आकसतात. दोन पॉटच्या सेंटरमधे किमान २० मिलीमीटर सोडा. आणि कोटिंग पार्टस बसवायच्या आधीच, भट्टीत १८० डिग्रीच्या पुढं तापमान असतं. डबा ताब्यात घेताना झाकणाचे चारी स्क्रू तिथंच लावून बघा, आट्यात पावडर जाऊन बसलेली असते, मामा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून देतात, त्याचे पैसे घेत नाहीत.