क्युपर्टिनोची पोलीस सेवा: चार तारे, पाचवा राखून

कॅलिफोर्नियातल्या आमच्या क्युपर्टिनोला स्वतःचं पोलीस खातं नाही. शहर सांता क्लारा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफशी, म्हणजे निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाशी, करार करतं. पुण्याहून आलेली आई म्हणाली, "म्हणजे पोलीससुद्धा भाड्याचे?" गाडीची काच फुटली तेव्हा शेरीफचा डेप्युटी आला, तिच्याशी सावकाश, अदबीने बोलला. सेवा चोख!

पाचवा तारा अडलाय काउंटीच्या तुरुंगापाशी. तोही याच खात्याकडे. 2015 साली तिथे एका मनोरुग्ण कैद्याचा मारहाणीत जीव गेला. 2022 मध्ये तेव्हाच्या शेरीफ लॉरी स्मिथ पायउतार झाल्या, बॉब जॉन्सन निवडून आले. नव्या कायद्यामुळे त्यांना चारऐवजी सहा वर्षं मिळालीत. गस्त आहेच ठीक, साहेब. आधी तुरुंगातल्या मानसिक उपचारांचं बघा. 2028 ला मत द्यायचंय मला.