स्पीच थेरपिस्ट बेळगावात, सहाय्यक गावात: कुणाकडे जायचं?

माझा भाचा पाच वर्षांचा झाला तरी 'काका'ला 'ताता' म्हणायचा. खानापूरकडून बेळगावला स्पीच थेरपिस्टकडे (बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे) जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तरी पहिली तपासणी तिथेच करा. ऐकू नीट येतं का, अडचण उच्चाराची की भाषेची, हे तिनेच ठरवायचं. सहाय्यकाने निदान करायचं नाही, उपचाराची आखणीही बदलायची नाही. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत चालतो तसा वर्षाचा डिप्लोमा केलेले हे सहाय्यक थेरपिस्टच्या देखरेखीखाली मुलांचा सराव घेतात.

पण सरावाला सहाय्यकच हवी, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडची ताई आठवड्यातून तीनदा यायची. पोराला आरशासमोर बसवून जिभेचं टोक चमच्याने अलगद खाली धरायची. 'क... का... काका.' तोच शब्द पुन्हा पुन्हा, न कंटाळता. तेही मराठीतून! बेळगावात कन्नडमधून 'बेक्कु' ऐकून गप्प बसलेलं पोरगं इथे 'मांजर' म्हटल्यावर खुललं. (घरी मराठी, शाळेत कन्नड म्हणून बोलणं अडतं, हा समज चुकीचा आहे. घरची भाषा सोडू नका.)

सुटा 'क' जमला, पण वाक्यात पुन्हा 'त' आला, तेव्हा ताईनेच सांगितलं, "आता मॅडमना दाखवून या."