जत्रेसाठी कॉर्डलेस माइक : यूएचएफ की २.४ गिगाहर्ट्झ?

कोकणातल्या देवस्थान समित्या आणि दशावतारी मंडळे कॉर्डलेस माइक घ्यायला निघाली की दुकानदार बहुधा दोन प्रकार पुढे करतात : ५०० ते ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा यूएचएफ संच आणि २.४ गिगाहर्ट्झवरचा डिजिटल संच.

बंदिस्त सभामंडपात कीर्तनकारासाठी एकदोन माइक हवे असतील, तर २.४ गिगाहर्ट्झचा संच निःसंकोच घ्यावा. तो फ्रिक्वेन्सी स्वतःच शोधतो आणि हा पट्टा भारतात परवानामुक्त आहे. मात्र वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात. कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीसारख्या गर्दीत प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, शिवाय साडेबारा सेंटिमीटर लांबीची ही लहर माणसाच्या अंगात सहज शोषली जाते. दशावतारातला नट युद्धप्रसंगात गिरकी घेतो, कमरेचा ट्रान्समीटर (आवाज लहरींवरून पाठवणारी डबी) त्याच्याच अंगाआड जातो आणि ऐन संवादात आवाज तुटतो. ६०० मेगाहर्ट्झची लहर अर्ध्या मीटरची असल्याने अंगाला वळसा घालून पुढे जाते. म्हणून उघड्या रंगमंचासाठी माझा कौल डायव्हर्सिटी रिसीव्हर (दोन अँटेनांपैकी जिथे संकेत चांगला मिळतो ती वापरणारा) असलेल्या यूएचएफलाच आहे. रिसीव्हर मात्र ॲम्प्लिफायरमागे किंवा पत्र्याआड न ठेवता, रंगमंच थेट दिसेल असा, माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवावा.

यूएचएफमध्ये फ्रिक्वेन्सी निवडण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ५००, ५०१ आणि ५०२ मेगाहर्ट्झ अशी सारख्या अंतराची निवड नीटनेटकी दिसते, पण दोन माइकांच्या लहरी एकमेकींत मिसळून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात : ५०१ च्या दुपटीतून ५०० वजा केले की ५०२ च उरतात, म्हणजे पहिल्या दोन माइकांचा गोंधळ थेट तिसऱ्यावर येऊन बसतो. त्यामुळे उत्पादकाने दिलेल्या गटांतल्याच फ्रिक्वेन्सी वापराव्यात. जुना संच स्वस्तात मिळत असेल, तर मागच्या पट्टीवरची फ्रिक्वेन्सी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत : ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हे पट्टे मोबाइलसाठी असून २०२२ च्या लिलावात जिओने त्यांतला स्पेक्ट्रम घेतला आहे. परवान्याबाबतची माहितीही विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.

रात्रभराच्या नाटकात सेलचा प्रश्न येतोच. सुटे सेल बदलता येणारा ट्रान्समीटर मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण आतली बॅटरी संपली की तो माइक चार्ज होईपर्यंत बाजूला पडतो. रिचार्जेबल सेल बहुधा साध्या सेलपेक्षा कमी, १.२ व्होल्टचे असतात; ट्रान्समीटरच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलला नाही, तर शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो.

खाऱ्या हवेपुढे दोन्ही प्रकार सारखेच हतबल आहेत. प्रयोग संपताच सेल काढावेत, स्प्रिंगवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावा, हातातल्या माइकची जाळी उघडून सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण सुकल्यावरच बसवावी. आतल्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागाला, पाणी लागू देऊ नये. घामाने भिजलेला कॉलर माइक तसाच पेटीत कोंबला, तर ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी असूनही तो आतून खराब होतो. आधी पुसून पंख्याखाली वाळवावा, मग हवाबंद डब्यात ठेवावा. पावसाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

पैसे मोजकेच असतील, तर सहा स्वस्त कॉर्डलेसऐवजी दोन चांगले यूएचएफ संच मुख्य नटांसाठी घ्यावेत आणि बाकीच्या पात्रांसाठी रंगमंचावरच्या बाकड्याच्या वर टांगलेले वायरचे माइक कायम ठेवावेत.