तीन दिवसांचं अन्नसुरक्षा प्रशिक्षण: चहातलं दूध आणि शंभर चिंचोके

पाचपैकी साडेतीन तारे. तिसऱ्या दिवसाला एकट्याला पाच दिले असते, पहिल्या दिवसाला अडीचवर देववत नाहीत.

आपत्तीनंतर घरोघरी जाऊन उपजीविका आणि अन्नसुरक्षा कशी मोजायची, याचं हे प्रशिक्षण. २०२५ च्या मे महिन्यात निपाणीत झालं. फी बाराशे रुपये, त्यात दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण, एक फाईल आणि दुसऱ्या दिवशी गावात न्यायला गाडी. बावीस जण होतो: अंगणवाडीच्या ताई, बचत गटवाल्या, खानापूरकडचे दोघं, आणि अथणीचा एक पोरगा ज्याला मराठी कळायचं पण बोलायला लाजायचा. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि मला भांडण वाढवायचं नाही. पैसे माझ्या पदरचे.

मी का गेले ते आधी सांगते. आमचं घर दूधगंगेच्या काठावरच्या गावात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगा दोन्ही फुगल्या, यमगर्णीजवळ पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली. टीव्हीवर तो हायवे दिसला. आमच्या घरात कंबरभर पाणी होतं, ते कोणी दाखवलं नाही. अकरा दिवस आम्ही एका शाळेत राहिलो. तिथं एक मुलगी टॅब घेऊन आली आणि आईला विचारायला लागली, गेल्या सात दिवसांत भात किती दिवस खाल्ला, डाळ किती दिवस, दूध किती दिवस. आई बिड्या वळते, मोजण्यात तिचा हात कोण धरणार नाही. तिनं सगळं नीट सांगितलं. मुलगी "छान" म्हणाली आणि पुढच्या वर्गखोलीत गेली. तिच्या त्या "छान"चा अर्थ मला सहा वर्षं लागत नव्हता.

पहिल्या दिवशी लागला. ती पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाची. खाण्याचे आठ गट करायचे आणि प्रत्येकाला भार द्यायचा: धान्याला २, डाळीला ३, भाजीला १, फळाला १, मांस-मासे-अंडी मिळून ४, दुधाला ४, तेलाला अर्धा, साखरेला अर्धा. सातपैकी किती दिवस खाल्लं त्याला भारानं गुणायचं आणि बेरीज करायची. २१ पर्यंत वाईट, ३५ पर्यंत काठावर, त्यापुढं ठीक. जिथं तेल-साखर गरिबाच्या घरातही रोज लागते तिथं या रेघा २८ आणि ४२ वर नेतात. आपल्याकडं हीच दुसरी जोडी लावायला हवी. चहा न पिणारं घर मला तरी माहीत नाही.

मी तिथंच फाईलच्या मागं आईचा आठवडा मांडला. शाळेत रोज भात, रोज आमटी, चार दिवस भाजी. धान्याचे १४, डाळीचे २१, भाजीचे ४, तेल-साखरेचे साडेतीन-साडेतीन. बेरीज ४६. म्हणजे ठीक! शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंनी डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "दूध राहिलं की. चहा दोन टाइम मिळत होता न्हवं?" दुधाचे सात चोक अठ्ठावीस धरले तर आकडा जातो ७४ वर. एवढा तर आमच्या गावातल्या दोन एकर ऊसवाल्याचाही येईल का, शंका आहे. प्रशिक्षक मॅडमनी तेव्हा सगळ्यांना थांबवलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: चहातलं दूध दुधात धरायचं नाही. चमचाभर दूध हे मसाल्यासारखं, त्याला भार शून्य. या एका चुकीनं भुकेलं घर कागदावर खातंपितं होतं. बाराशेतले तीनशे रुपये माझे इथंच वसूल झाले.

मी विचारलं, "मॅडम, मग ४६ म्हणजे आम्ही ठीक होतो?" त्या म्हणाल्या, "हा आकडा गेल्या सात दिवसांचा आहे अक्का. पुढच्या महिन्याचं तो काही बोलत नाही." उत्तर बरोबर होतं, पण नंतर त्यांनी लगेच पुढची स्लाइड लावली आणि माझा प्रश्न तिसऱ्या दिवसापर्यंत लोंबकळत राहिला. अडीच तारे त्यामुळेच. कारण घरी परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात काय होतं ते मला पाठ आहे: रोज भात नाहीतर भाकरी, आमटी दोनदा, भाजी तीनदा, दूध चहापुरतं. १४, ६, ३, आणि तेल-साखरेचे ७. बेरीज ३०. काठावर. त्या आठवड्यात टॅबवाली मुलगी आलीच नाही, कारण छावणी बंद झाली होती आणि पूरग्रस्तांची यादीही.

दुपारनंतर दुसरी पट्टी शिकवली, ती मला जास्त पटली. ती काय खाल्लं ते विचारत नाही, खायला कमी पडल्यावर काय केलं ते विचारते. पाचच प्रश्न, तेही सात दिवसांचेच. हलकं धान्य खाल्लं, भार १. उसनं आणलं, २. घास लहान केला, १. मोठ्यांनी कमी खाऊन पोरांना दिलं, ३. जेवणाची वेळच गाळली, १. बेरीज १९ किंवा त्याहून वर गेली की घर संकटाच्या पायरीवर समजतात. आईचा तोच तिसरा आठवडा मी यात घातला: पाच दिवस हलका तांदूळ, दोनदा उसनं पीठ, चार दिवस निम्मी भाकरी, तीन दिवस आई "मला भूक न्हाई" म्हणाली होती, दोन रात्री चूल पेटली नाही. ५, ४, ४, ९, २. चोवीस.

"मला भूक न्हाई"ला तीनचा भार देणारा माणूस कोण असेल ठाऊक नाही, पण त्याच्या घरी आई होती हे नक्की.

इथं एक गोष्ट मॅडमना आम्ही शिकवली. ऑगस्ट म्हणजे श्रावण. सोमवार, शनिवार, एकादशी, संकष्टी; मटण महिनाभर बंद. बाहेरच्या सर्वेक्षकानं "रात्री जेवला नाही असे किती दिवस?" विचारलं तर म्हातारी माणसं सरळ तीन दिवस सांगणार, आणि मांस-अंड्याचा शून्य बघून तो घराला गरीब ठरवणार. प्रश्नात "घरात नव्हतं म्हणून, पैसे नव्हते म्हणून" हे शब्द मूळ पद्धतीत आहेत. आमच्या छापील प्रश्नावलीत ते गळाले होते. मॅडमनी लगेच लिहून घेतलं.

प्रश्नावलीची भाषा हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. मूळ इंग्रजी, मग कन्नड, मग कन्नडवरून मराठी असा तिचा प्रवास झालाय असं वाटतं. "आपल्या कुटुंबाने मागील सप्ताहात कडधान्यांचे सेवन किती दिवस केले?" दुसऱ्या दिवशी एका आजीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "सेवन म्हंजे औषध काय गं बाई?" सीमाभागात अर्ज कोणत्या भाषेत यावा यावर आपल्याकडं आयुष्यं गेली, तो विषय इथं नको. पण आजीला कळेल अशी मराठी लिहायला कुठल्या आयोगाची गरज नाही. "आमटी किती दिवस केली?" एवढंच. आम्ही चौघींनी जेवणाच्या सुट्टीत सगळे प्रश्न बदलून दिले. त्याबद्दल फी परत मिळाली नाही, लाडू मिळाला.

दुसरा दिवस गावभेटीचा. गाडी दीड तास उशिरा आली. टॅबवर कोबो टूलबॉक्स नावाचं प्रश्नावली भरायचं ॲप होतं. ते फुकट मिळतं, रेंज नसली तरी माहिती साठवतं आणि रेंज आली की पाठवतं. नदीकाठाला हे सोयीचं. बाकी त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की बिडी वळणाऱ्या बाईला सकाळी दहाला भेटायला जाऊ नये. तिचे हात थांबले की हजार पुरे होत नाहीत. माझ्या जोडीदारणीनं शेवटी पानं कापायला बसून प्रश्न विचारले आणि आमच्या गटाची उत्तरं सगळ्यात चांगली आली.

आता तिसरा दिवस. यासाठी जा.

ही 'घरगुती अर्थव्यवस्थे'ची पद्धत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेनं ती उभी केली आणि आफ्रिकेतल्या दुष्काळांत ती खूप वापरली गेली. टॅब बाजूला ठेवायचा, गावातली सात-आठ जाणती माणसं बसवायची आणि आधी विचारायचं, या गावात गरीब कोण म्हणायचं? सरकारचं कार्ड कुठलं ते नाही, तुमच्या तोंडानं सांगा. आमच्या सरावात एक तात्या होते, त्यांनी दोन मिनिटांत चार थर पाडले: ज्याचा ऊस कारखान्याला जातो तो, ज्याची तंबाखू वखारीला जाते तो, ज्याची म्हैस आहे पण रान नाही तो, आणि ज्याच्या घरात फक्त हात आहेत तो. पदवीधरांना हे अर्धा दिवस जमलं नसतं.

मग शंभर चिंचोके जमिनीवर ओतायचे. हे तुमच्या घराचं वर्षभराचं खाणं, कुठून कुठून येतं त्याचे ढीग करा. शेवटच्या थरातल्या एका मावशींनी रेशनपुढं मोठा ढीग लावला. मॅडमनी हिशेब करून दाखवला: माणसाला दिवसाला २१०० उष्मांक लागतात असं मदतकार्यात धरतात. पाच माणसांचं घर, तीस दिवस, झाले ३ लाख १५ हजार. अन्नभाग्य या कर्नाटक सरकारच्या मोफत तांदळाच्या योजनेतले पैसे बंद होऊन २०२५ च्या फेब्रुवारीपासून माणशी दहा किलो तांदूळ झाला होता, म्हणजे पन्नास किलो. किलोला साडेतीन हजार धरले तर पावणेदोन लाख. निम्म्याहून थोडं जास्त. मावशींचा ढीग मोजला तर ५४ चिंचोके. मावशी म्हणाल्या, "पर नुसता भात कोण खातंय? भाकरी लागतीयाच की." उरलेल्या ढिगात जोंधळा, तेल, डाळ होती आणि त्याचा सगळा भार बिडीच्या मजुरीवर.

पुढची पायरी खरी. पूर आला असं समजा, आता कुठला ढीग हलतो ते दाखवा. तेंदूपान भिजलं की बिडीचा ढीग जातो. ऊस पाण्यात उभा राहिला की तोडीचा जातो, पण तो आज नाही, दिवाळीनंतर. तंबाखूची लावण हुकली तर वखारीतलं काम जातं, आणि ते तर पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे ऑगस्टच्या पुराची भूक मार्च-एप्रिलमध्ये पोचते, तेव्हा पाणी कुठं होतं ते दाखवायला भिंतीवरची रेघसुद्धा उरत नाही. पहिल्या दिवशीच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. या पद्धतीत दोन रेघा आखतात, एक निव्वळ जगण्याची आणि तिच्या वर दुसरी, उपजीविका टिकवण्याची: म्हशीची पेंड, पोरांची फी, गटाचा हप्ता. २०१९ मध्ये सरकारचे जे दहा हजार आले त्यांनी आम्हाला पहिल्या रेघेवर धरलं. दुसरीच्या खाली आम्ही दोन वर्षं होतो.

मग कशानंतर काय विकलं, ते विचारलं. या क्रमालाही शास्त्रात तीन पायऱ्या आहेत. साठवलेले पैसे मोडणं, उसनवारी ही पहिली. कमाईचं साधन विकणं, औषधं टाळणं, पोरांची शाळा सोडवणं ही मधली. जमीन-घर विकणं, भीक मागणं ही शेवटची. तात्या म्हणाले, "आधी गट, मग सोनं, मग म्हस. रान शेवटाला." एका बाईंनी विचारलं, "आणि पोरीची शाळा?" तात्या थोडा वेळ चिंचोके चिवडत बसले. म्हणाले, "ती सोन्याच्या आधी." सोनं मोडण्याच्या आधी. छापील पायऱ्यांत शाळा मध्ये आहे. कोणाचं बरोबर यावर वाद झाला नाही, मॅडमनी आमच्या गटाच्या तक्त्यात ती वर सरकवली.

जेवण चांगलं होतं. पहिल्या दिवशी झुणका-भाकरी, दुसऱ्या दिवशी वांगं, तिसऱ्या दिवशी मसालेभात आणि ताक. (ताक दुधात धरायचं का यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. वाटीभर असेल तर धरायचं.) स्वच्छतागृह एकच, बायका सोळा. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलंय, दोनदा सांगूनही.

कोणी जावं? बचत गट चालवणाऱ्या, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीत पूर आला की यादी करायला बसवतात ती सगळी माणसं. ज्यांना फक्त टॅब भरायचं काम हवंय त्यांना पहिला दिवस पुरेल, पण तसे सुटे दिवस विकत नाहीत. संस्थेला माझी मागणी एवढीच की तिसऱ्या दिवसाचे दोन दिवस करा, आणि आम्ही सुधारून दिलेली मराठी पुढच्या तुकडीला छापून द्या.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे असं तेव्हा कळलं होतं. जाणार असाल तर चिंचोके घरून मोजून न्या. तिथल्या पिशवीवर १०० लिहिलंय, पण मावशींचे ढीग मोजल्यावर बेरीज ९६ आली होती.